केस विरळ झाले, तर आखूड कापा

केस विरळ होऊ लागले की बहुतेक पुरुष उरलेले केस वाढवू लागतात. भांग कानाकडे उतरत जातो आणि बाजूची लांब बट टाळूवरून आडवी बसवली जाते. जगभर हेच चालते. १९७७ साली अमेरिकेत या युक्तीच्या एका प्रकाराला पेटंटही मिळाले. माझे मत याच्या उलट आहे. केस जितके विरळ, तितके ते आखूड हवेत.

समोरचा माणूस आपले केस मोजत नाही. त्याच्या नजरेत भरतो तो दाट आणि विरळ भागांतला फरक. आनुवंशिक टकलात डीएचटी या संप्रेरकामुळे कपाळालगतच्या आणि टाळूवरच्या केसांची मुळे आकसत जातात. तिथे उगवणारा नवा केस आधीच्यापेक्षा बारीक असतो, टिकतोही कमी. कानांच्या वरचे आणि मानेकडचे केस मात्र या संप्रेरकाला फारशी दाद देत नाहीत. म्हणून बाजू वाढवल्या की वरचा भाग आणखी उघडा वाटतो. शिवाय लांब, बारीक केस चपटे पडतात, त्यांचे पुंजके होतात आणि मधून कातडी दिसते. चोपून लावलेले तेल आणि चकचकीत जेल हेच करतात. बाजूंना एक किंवा दोन नंबरचे मशीन, म्हणजे साधारण तीन ते सहा मिलिमीटर, फिरवले की हा फरक बराच मिटतो. कपाळाचे कोपरे मागे सरकले असतील पण मधले केस दाट असतील, तर वर दोन-तीन सेंटिमीटर ठेवून ते पुढे घ्यावेत; मागे फिरवले की कोपरे उघडे पडतात. भोवऱ्याजवळही विरळ झाले असतील, तर सगळीकडे एकच नंबर उत्तम. नीट राखलेली दाढी असेल तर नजर खाली चेहऱ्याकडे येते.

आपल्याकडे इतक्या आखूड केसांना घरातूनच विरोध होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. वडील गेल्यावर मुंडन करतात, त्यामुळे तुळतुळीत डोके पाहून आईच्या काळजात चर्र होते. पण आखूड कटासाठी वस्तराच लागतो असे नाही. एक नंबरच्या मशीनने केसांची सावली डोक्यावर राहते आणि ते मुंडन वाटत नाही. वारंवार भादरल्याने केस दाट येतात, ही आशा मात्र सोडावी. दाढीच्या बाबतीत संशोधक मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच हा समज तपासून खोटा ठरवला होता. कापलेले टोक बोथट असते, म्हणून खुंट राठ लागतो, इतकेच.

मग औषधच का घेऊ नये? जरूर घ्यावे, पण त्वचारोगतज्ज्ञाला विचारून. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड यांचा अनेकांना उपयोग होतो. मात्र परिणाम दिसायला काही महिने जातात आणि औषध थांबवले की मिळवलेले केस पुन्हा गळतात. तेवढ्या काळातही माणसाला कामावर, लग्नकार्यात जायचे असतेच, तेव्हा चांगला कट हवाच. अचानक गोल चट्टे पडले तर ती चाई असू शकते. तिथे सलूनच्या आधी दवाखाना गाठावा.

आखूड कटाची एक किंमत आहे: केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी खुर्चीत बसावे लागते. आणि उन्हात टोपी विसरून चालत नाही, कारण उघडी टाळू लवकर भाजते.