नमनालाच घडाभर तेल

ॲमस्टरडॅमच्या स्किपॉल विमानतळावरून सकाळी ९ वाजता सुटलेलं विमान लंडनच्या हीथ्रोवर साधारण ९.२० ला पोचतं. उलट निघालात, तर ९ चं विमान पोचायला ११.२० होतात. यात चमत्कार काही नाही. नेदरलँड्समधली घड्याळं ब्रिटनच्या तासभर पुढे असतात, एवढंच. तो तास जमेस धरला की दोन्हीकडून एक तास वीस मिनिटं उरतात. खरी गंमत या ८० मिनिटांत आहे.

दोन विमानतळांमधलं हवाई अंतर जेमतेम ३७० किलोमीटर, वैमानिकांच्या भाषेत २०० सागरी मैल. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटर सहज गाठतं. त्रैराशिक मांडा, उत्तर येतं २८ मिनिटं. मग बाकीची ५२ मिनिटं जातात कुठे?

एक तर तिकिटावरची वेळ नुसत्या उड्डाणाची नसते. विमान जागचं हललं की ती सुरू होते आणि पलीकडे जागेवर उभं राहिलं की संपते. चाकांखाली लावायच्या ठोकळ्यांवरून तिला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. शिवाय उशिराचा ठपका नको म्हणून कंपन्या तीत थोडी सैल मिनिटंही घालून ठेवतात. विमान ‘वेळेआधी’ पोचल्याची घोषणा होते, तेव्हा कौतुक जरा बेतानेच करावं.

हवेत तरी कुठे सरळ जायला मिळतं? विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. लंडनवर वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून पूर्वेला जायचं विमानही आधी पश्चिमेकडे उडतं आणि मग वळसा घेतं. १० हजार फुटांखाली वेग साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. उतरण्याचा ढोबळ हिशेब असा, की दर हजार फुटांना तीन सागरी मैल लागतात. २५ हजार फुटांवर असाल तर ७५ मैल आधीच नाक खाली करायचं. चढायलाही जवळपास तेवढेच मैल लागतात. २०० मैलांतून दोन्ही वजा करा. सपाट, वेगाने कापायचा पल्ला उरतो मूठभर. हवाई सुंदरी चहाची ट्रॉली एवढ्या घाईने का ढकलतात, ते इथे कळतं.

लांबच्या प्रवासात हाच खर्च अंगावर येत नाही. लिस्बन ते हेलसिंकी अंतर सुमारे ३,३६० किलोमीटर, म्हणजे नऊपट. वेळ मात्र साडेचार तासांच्या आसपास, साडेतीनपटही नाही. विमान जागेवरून मागे ढकलणं, रांगेत थांबणं, चढणं, उतरणं हे दोन्हीकडे सारखंच; लांबच्या पल्ल्यावर ते पसरून जातं, इतकंच.

जवळच्या पल्ल्यात ते सगळ्यात जास्त टोचतं स्किपॉलच्या पोल्डरबानवर. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास कमी व्हावा म्हणून ही धावपट्टी मुख्य इमारतीपासून कित्येक किलोमीटर दूर बांधली. ती २००३ मध्ये सुरू झाली. तिथे उतरलं की पुढची दहा-पंधरा मिनिटं विमान शेतांच्या कडेने नुसतं चालत राहतं. वाटेत ते पुलावरून महामार्ग ओलांडतं. काही क्षणांपूर्वी आकाशात असलेले तुम्ही खिडकीतून खाली बघता, तर मोटारी तुमच्यापेक्षा जोरात पळत असतात.