प्रोग्रॅमिंग भाषांच्या दस्तऐवजांतील शुद्धलेखन दुरुस्ती

प्रोग्रॅमिंग भाषेची हस्तपुस्तिका, पाठमाला आणि मूळ आज्ञावलीतच लिहिलेली स्पष्टीकरणे यांना एकत्रितपणे त्या भाषेचे दस्तऐवज म्हणतात. या मजकुरातील स्पेलिंगच्या व मुद्रणाच्या चुका सुधारणे हे मुक्त-स्रोत प्रकल्पांतील नित्याचे काम आहे. सामान्य पुस्तकातील चुकलेला शब्द वाचक संदर्भाने समजून घेतो. संगणक मात्र अक्षरशः वाचतो. नवशिक्याने चुकीचे नाव जसेच्या तसे उतरवून घेतल्यास त्याची आज्ञावली चालत नाही, आणि दोष आपला की पुस्तकाचा, हे त्याला कळत नाही.

चुकांचे प्रकार

या चुका स्थूलमानाने तीन प्रकारच्या असतात.

१. निवेदनातील चुका : यांमुळे वाचन अडखळते, परंतु आज्ञावलीवर परिणाम होत नाही.

२. उदाहरणांतील चुका : फलनाचे किंवा चलाचे नाव चुकणे, लहान-मोठ्या लिपीतील अक्षरांची अदलाबदल होणे इत्यादी.

३. चिन्हांतील चुका : अक्षरजुळणीची काही साधने सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वक्र चिन्हे, तर दोन संयोगचिन्हांच्या जागी एकच लांब रेघ घालतात. दिसायला सुबक असलेली ही आज्ञा उतरवून घेतल्यास मात्र चालत नाही.

दुरुस्तीची पद्धत

पायथॉन या भाषेचे दस्तऐवज रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या स्वरूपात लिहिलेले असून स्फिंक्स या साधनाने त्यांची पाने तयार होतात. २०१७ पासून या भाषेचा मूळ स्रोत गिटहबवर आहे. दुरुस्ती सुचविणारा मजकुराची प्रत घेऊन बदल करतो व तो ‘पुल रिक्वेस्ट’च्या रूपाने पाठवितो, प्रकल्पाचे सदस्य तपासणी करून तो स्वीकारतात. किरकोळ स्पेलिंग दुरुस्तीसाठी स्वतंत्र तक्रार नोंदविण्याची आवश्यकता नसते. त्यामुळे अनेक नवागतांचे पहिले योगदान हेच असते.

कोडस्पेल हे साधन नेहमीच्या चुकांच्या यादीशी मजकूर ताडून पाहते. शब्दकोशावर आधारित साधने मात्र चलांच्या नावांनाही चूक ठरवितात. ‘फ्रॉम’ऐवजी ‘फॉर्म’ पडल्यास दोन्ही शब्द कोशात असल्याने अशी साधने गप्प राहतात. म्हणून मानवी मुद्रितशोधनाला पर्याय नाही.

‘दुरुस्ती’ हीच चूक ठरण्याचाही संभव असतो. भारतीय विद्यार्थी ‘कलर’ हा शब्द ब्रिटिश पद्धतीने ‘यू’ अक्षरासह शिकतात. सीएसएसमधील गुणधर्माच्या नावात ते अक्षर नाही. तेथे ते घातल्यास नियम लागू होत नाही.

कायम राहिलेल्या चुका

दस्तऐवजातील चूक प्रत्यक्ष वापरात रुळली की ती सुधारता येत नाही. आधीचे पान कोणते, हे सांगणाऱ्या एचटीटीपीच्या ‘रेफरर’ या शीर्षकाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘आर’ चार वेळा हवा. १९९६ च्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजात तो तीनदाच आला. पुढे असंख्य संगणकांनी तेच नाव स्वीकारल्याने ते तसेच राहिले. नंतरच्या ‘रेफरर-पॉलिसी’ या शीर्षकात मात्र शुद्ध रूप वापरले आहे. परिणामी दोन्ही रूपे शेजारी नांदतात. युनिक्समधील ‘क्रिएट’ या आज्ञेच्या नावात शेवटचा ‘ई’ नाही. पुन्हा संधी मिळाल्यास तो ‘ई’ घालू, असे तिचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी म्हटल्याचे प्रसिद्ध आहे. पुढे आलेल्या प्लॅन ९ या प्रणालीत पूर्ण शब्द आढळतो.

भाषांतरांवरील परिणाम

गेटटेक्स्ट पद्धतीत मूळ वाक्य व त्याचे भाषांतर यांची जोडी ठेवलेली असते. मूळ वाक्यातील एक अक्षर बदलले तरी जुने भाषांतर ‘संदिग्ध’ ठरते आणि पुनर्तपासणी होईपर्यंत वाचकाला इंग्रजी मजकूरच दिसतो. केडीई व ग्नोम यांच्या मराठी भाषांतरांनाही ही पद्धत लागू आहे. त्यामुळे जेथे भाषांतरकार मोजके आहेत, त्या भाषांना इंग्रजीतील क्षुल्लक दुरुस्तीही महाग पडू शकते.

प्रोत्साहन

डोनाल्ड क्नूथ हे ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथातील चूक प्रथम दाखविणाऱ्यास २.५६ डॉलर बक्षीस देतात. २५६ सेंट म्हणजे एक ‘षोडशमान डॉलर’, असा त्यामागील विनोद आहे. मुद्रणदोषही या बक्षिसास पात्र असतात.

हे सुद्धा पहा
- मुद्रितशोधन
- मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर
- पायथॉन (प्रोग्रॅमिंग भाषा)