केस गेले, ओळख लाभली

‘द सेकंड हंड्रेड इयर्स’ हा १९२७ सालचा अमेरिकन लघु-मूकपट. स्टॅन लॉरेल आणि ऑलिव्हर हार्डी यात कैदी झाले आहेत, आणि त्यासाठी दोघांनी डोक्याचा गोटा केला होता. सुटकेसाठी ते भुयार खणतात आणि नेमके तुरुंगाधिकाऱ्याच्या कचेरीतच वर येतात! पुढे रंगाऱ्यांचे सोंग घेऊन निसटतात. पण पाठीशी पोलीस लागल्याने, सोंग खरे वाटावे म्हणून, दिसेल त्या वस्तूला पांढरा रंग फासत सुटतात.

खरी गंमत चित्रीकरणानंतर घडली. लॉरेल यांचे केस पुन्हा वाढू लागले ते उभेच. चोपून बसवले तरी बसेनात. लोक हसू लागले. तेव्हा त्यांनी ते तसेच राखले, आणि पुढे तीच त्यांची जगभरची ओळख ठरली. याच चित्रपटातील जेम्स फिनलेसन तर मुळातच टकले. त्यांची ती भरघोस मिशीही चिकटवलेली असे!

स्वहस्ते केशलोच करणाऱ्या मुनींपुढे आपण नतमस्तक होतो. मात्र घरच्या पंचविशीतल्या मुलाचे केस विरळ झाले, की स्थळाकडे पाठवायला त्याचे जुने छायाचित्र शोधू लागतो. या विसंगतीचे आपल्याला हसूही येत नाही. चित्रपट जेमतेम वीस मिनिटांचा आहे. आजी-नातवंडांसह अवश्य पाहावा, आणि ज्याच्या केसांची चर्चा घरात हळू आवाजात चालते, त्यालाही शेजारी बसवावे.