धर्मग्रामातील श्रद्धाजीवन (लेखांक ६) : रविवारच्या मिस्सानंतर

कॅथलिक श्रद्धावंताने किमान काय पाळायला हवे, हे चर्चच्या नियमांत स्पष्ट आहे. रविवारी आणि आज्ञेच्या सणांना मिस्साला हजर राहणे, गंभीर पाप घडले असेल तर वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करणे आणि पुनरुत्थान सणाच्या काळात ख्रिस्तशरीर स्वीकारणे, या त्यांतील ठळक गोष्टी. वर्षातून एकदाचा दंडक १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने घालून दिला. त्या काळी सामान्य माणसे ख्रिस्तशरीर क्वचितच स्वीकारत, म्हणून निदान एवढे तरी व्हावे हा त्यामागचा हेतू. पुढे मात्र अनेकांच्या मनात हे ‘निदान’च पुरेसे होऊन बसले. नियम पाळला की कर्तव्य संपले, अशी समजूत रूढ झाली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) या समजुतीला थेट हात घातला. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘लुमेन जेंटियुम’ या दस्तऐवजाचे पाचवे प्रकरण पवित्रतेच्या पाचारणाविषयी आहे. हे पाचारण बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला असते आणि ज्याने त्याने ते आपापल्या जीवनावस्थेत जगायचे असते, असे ते सांगते. हा विचार अगदी नवा नव्हता. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ साली प्रापंचिकांसाठी भक्तिजीवनावर पुस्तक लिहिले होते. तरीही पवित्रता हे धर्मगुरू आणि धर्मभगिनींचे क्षेत्र, हीच धारणा पक्की होती. परिषदेने तिला अधिकृतपणे छेद दिला. शेतात राबणारा, लोकल पकडून नोकरीला जाणारी, मुले वाढवणारे आईबाप यांचा संसार आता श्रद्धेच्या आड येणारा राहिला नाही. श्रद्धा वाढण्याची जागा तीच, असे मानले जाऊ लागले.

या पाचारणाला एकट्याने प्रतिसाद देणे अवघड असते. म्हणून धर्मग्रामाला महत्त्व आहे. १९८३ च्या धर्मसंहितेने धर्मग्रामाची व्याख्या करताना हद्दीआधी माणसे धरली आहेत : धर्मग्राम म्हणजे श्रद्धावंतांचा एक ठरावीक समुदाय. या समुदायाकडे श्रद्धा सखोल करण्याची काही ठरलेली साधने असतात.

पहिले साधन प्रभुशब्दाचे. परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत होऊ लागला आणि १९६९ साली वाचनांची नवी मांडणी आली. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, तर योहानाचे शुभवर्तमान मुख्यतः उपवासकाळात आणि पुनरुत्थान काळात येते. रविवारचे वाचन आधीच घरी वाचून जाणे ही साधी सवय, पण तिने प्रवचन ऐकण्याची पद्धतच बदलते. मराठी वाचकाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ची सोबत आहे.

दुसरे साधन लहान ख्रिस्ती समूहांचे. ही कल्पना आफ्रिकेतील धर्मप्रांतांत रुजली आणि १९९० मध्ये बांडुंग येथे भरलेल्या आशियाई बिशपांच्या महासभेने चर्च म्हणजे ‘समूहांचा समूह’ असे चित्र मांडले. शेजारची काही घरे मिळून एक समूह होतो आणि बैठक आळीपाळीने एकेकाच्या घरी भरते. दक्षिण आफ्रिकेतील लुमको संस्थेची सात पायऱ्यांची पद्धत अनेक ठिकाणी वापरली जाते. प्रथम कोणीतरी प्रार्थनेतून प्रभूला बोलावतो. मग शुभवर्तमानातील उतारा मोठ्याने वाचला जातो. ज्याला जो शब्द किंवा छोटे वाक्य भिडले, तो ते शांतपणे पुन्हापुन्हा उच्चारतो. त्यानंतर काही मिनिटे मौन. पाचव्या पायरीवर प्रत्येक जण आपल्याला काय जाणवले ते सांगतो. येथे वाद घालायचा नाही, दुसऱ्याला शिकवायचे नाही, प्रवचन तर नाहीच. सहावी पायरी कामाची : वाडीत कोण आजारी आहे, कोणाचे भांडण मिटवायचे आहे, कोणाच्या मुलाची फी अडली आहे, यावर बोलून जबाबदारी वाटून घेतली जाते. शेवटी सर्वांची प्रार्थना. बैठक चालवायला धर्मगुरू लागतोच असे नाही.

तिसरे साधन पापनिवेदनाचे. राखेच्या बुधवारी सुरू होणारा उपवासकाळ त्यासाठी विशेष मानला जातो. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही या काळाची तीन अंगे. सध्याच्या नियमानुसार उपवास सक्तीचा आहे तो फक्त राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी, तोही १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत. सक्ती कमी केली, कारण प्रायश्चित्त माणसाने स्वतः निवडावे अशी अपेक्षा आहे.

चौथे साधन सेवेचे. फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केलेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी याचे जुने उदाहरण. तिचे सभासद गरिबाच्या घरी स्वतः जातात. मदतीइतकेच त्या भेटीला मोल असते.

ही साधने हाताशी असूनही वाट सोपी नाही. रिट्रीटमध्ये दाटून आलेला उत्साह महिन्याभरात ओसरतो. समूहाच्या बैठकीला बायका येतात, पुरुष क्वचितच फिरकतात. कधी बैठक म्हणजे केवळ सूचना वाचून दाखवण्याचे ठिकाण होते. वसईसारख्या भागात, जिथे वाड्यांशेजारी टॉवर उभे राहिले, तिथे नव्याने राहायला आलेले कुटुंब वर्षानुवर्षे चर्चमध्ये अनोळखीच राहू शकते. म्हणून सखोल श्रद्धेचे माप भावनेच्या भरात शोधता येत नाही. घरी वाचन चालू राहिले का, जुने वैर मिटले का, सहाव्या पायरीवर घेतलेले काम पुढच्या बैठकीपर्यंत झाले का, हे विचारले की उत्तर मिळते.