‘क’ उलटा लिहिताना

ब्रेलमध्ये ‘क’ लिहायला दोन टिंबं पुरतात. सहा टिंबांच्या चौकटीत डावीकडचं सर्वांत वरचं आणि सर्वांत खालचं. वाचणाऱ्याच्या बोटाला ती डावीकडे लागतात. पण पाटीत जाड कागद अडकवून स्टायलसने टोचणारा ती उजवीकडे टोचतो, कारण उठाव कागदाच्या मागच्या बाजूला येतो. लिहायचं उजवीकडून डावीकडे, मग कागद काढून उलटायचा आणि वाचायचं डावीकडून उजवीकडे. मोबाइलवरच्या चार मिनिटांच्या व्हिडिओत हे सगळं लख्ख कळतं. प्रत्यक्ष पाटी हातात आली की पहिल्याच ओळीत घोळ होतो. हलकं टोचलं तर टिंब बोटाला लागत नाही, जोर लावला तर कागद फाटतो. तो नेमका जोर व्हिडिओत दिसत नाही.

विशेष मुलांचे शिक्षक ऑनलाइन घडवायला निघालेल्या प्रत्येकाला हा ‘क’ कुठे ना कुठे आडवा येतो.

तरी ऑनलाइनला पर्याय नाही, हे वाशिमकडे पाहिलं की पटतं. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या बारा लाखांच्या आतबाहेर. केंद्र सरकारने २०१८मध्ये आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांमध्ये वाशिमचं नाव होतं. श्रवणदोषाचं काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वांद्र्याला, बौद्धिक दिव्यांगत्वाची सिकंदराबादला, दृष्टिदोषाची डेहराडूनला. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरच्या पदवीधर सुनेने सोयाबीन, तूर आणि लहान लेकरू घरी ठेवून दोन वर्षं तिकडे राहावं, हे बोलायला सोपं.

म्हणून या क्षेत्रात दूरशिक्षण ऑनलाइन वर्गांच्या आधीच आलं. विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम ठरवते आणि त्यांची नोंदणी ठेवते ती भारतीय पुनर्वास परिषद, १९९२च्या कायद्याने वैधानिक झालेली. तिच्या नोंदवहीतला क्रमांक, म्हणजे या लोकांच्या बोलण्यातला ‘सीआरआर नंबर’, असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. भोपाळच्या भोज मुक्त विद्यापीठाने परिषदेबरोबर दूरशिक्षणातून विशेष बी.एड. सुरू केलं, सर्वसाधारण शाळांतल्या शिक्षकांसाठी ९० दिवसांचा पायाभूत अभ्यासक्रमही काढला. आपल्याकडे १९८९मध्ये स्थापन झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन याच वाटेने गेलं. वाशिम त्याच्या अमरावती विभागीय केंद्रात येतं. छापील पुस्तकं, संपर्क सत्रं, स्वाध्याय आणि अभ्यास केंद्राच्या चकरा असा तो शिरस्ता. सराव पाठ मात्र खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोरच. २०२०च्या टाळेबंदीत परिषदेच्या नोंदणीकृत शिक्षकांची उजळणी सत्रंही पडद्यावर आली आणि ‘ऑनलाइन’ हा शब्द या क्षेत्रात घरचा झाला.

दरम्यान कामाचा पसारा वाढला. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये प्रमाण घालून दिलं: सेरेब्रल पाल्सी असलेल्या आठ मुलांमागे एक शिक्षक, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा स्वमग्नता असलेल्या पाच मुलांमागे एक, बहिरेपण आणि अंधत्व दोन्ही असलेल्या दोघांमागे एक. २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. शाळांच्या एकेका केंद्राला एक शिक्षक, असा हिशोब.

खरी अडचण इथेच येते. विशेष बी.एड. ही एका शाखेची पदवी असते: कुणाची श्रवणदोषात, कुणाची दृष्टिदोषात, कुणाची बौद्धिक दिव्यांगत्वात. केंद्रावरच्या शाळांत मुलं शाखा बघून येत नाहीत. श्रवणयंत्राची बॅटरी तपासायला शिकलेल्या बाईंसमोर उद्या हात ताठरलेला, पेन्सिल न धरता येणारा मुलगा बसतो. अशा वेळी दोनशे किलोमीटरवरच्या जाणकाराला त्याच दिवशी विचारता यावं, ही ऑनलाइन शिक्षणाची सर्वांत मोठी कमाई. व्याख्यान तर पुस्तकातही मिळतं.

काही गोष्टी पडद्यावर उलट जास्त चांगल्या शिकता येतात. सांकेतिक भाषा त्यातली पहिली. हाताची ठेवण, चेहऱ्यावरचा भाव, हालचालीची दिशा छापील चित्रात अडकून पडते. व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन, हळू करून पाहता येतो. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१पर्यंत दहा हजार शब्दांचा व्हिडिओ कोश उभा केला आहे. मालेगावातली विद्यार्थिनी तो रात्री भाकऱ्या उरकल्यावर उघडू शकते.

दुसरी गोष्ट स्वतःचा पाठ पाहण्याची. पालकांची परवानगी घेऊन दोन मिनिटांचा पाठ मोबाइलवर टिपायचा आणि मार्गदर्शकाला पाठवायचा. गटावर टाकायचा नाही, मुलाचा चेहरा गावभर फिरवायचा नाही. समजा, शर्टाचं बटण लावायला शिकवायचं आहे. त्या कामाचे बारीक टप्पे पाडायचे आणि शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करायची. काजातून अर्धं बाहेर आलेलं बटण ओढून घेणं एवढंच आधी मुलाने करायचं; यश त्याच्या हाती पडलं पाहिजे. मार्गदर्शक व्हिडिओ एका सेकंदावर थांबवतात: ‘‘बाई, इथं त्याची बोटं बटणाकडं निघाली होती. तुम्ही मध्येच हात घातला.’’ वर्गाच्या मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकाच्या नजरेतून हा क्षण निसटून जातो. थांबायचं कसं, हे विशेष शिक्षकाचं पहिलं कौशल्य, आणि ते स्वतःची घाई डोळ्यांनी पाहिल्यावर लवकर येतं.

मात्र पुण्यात किंवा हैदराबादेत बनलेला धडा वाशिमला जसाच्या तसा लागू पडत नाही. बंजारा समाजाचं तीर्थस्थान पोहरादेवी याच जिल्ह्यात, बंजारा तांडेही भरपूर. घरी गोरमाटी बोलणारं मूल शाळेत ‘आईचं चित्र दाखव’ म्हटल्यावर गप्प बसतं, कारण त्याच्यासाठी ती ‘याडी’ आहे. हे मूल मंद आहे की त्याला फक्त मराठी नवी आहे? चाचणीच्या तक्त्यावर दोन्ही मुलं सारखीच दिसतात. चुकीचा शिक्का बसला तर तो वर्षानुवर्षं पुसत नाही. म्हणून वाशिमच्या अभ्यासक्रमाचा पहिला स्वाध्याय तांड्यावर जाऊन करायचा असावा: मुलाच्या घरच्यांकडून त्याचे पन्नास शब्द लिहून आणायचे, चाचणी नंतर.

आणखी एक टोचणारी गोष्ट. विशेष शिक्षक व्हायला आलेल्यांत स्वतः अंध, कर्णबधिर माणसंही असतात. त्यांना स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ पाठवली, तर स्क्रीन रीडर काहीच वाचत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमधला मजकूर तर निव्वळ अक्षरांचा कचरा म्हणून ऐकू येतो. व्हिडिओला उपशीर्षकं नसतील तर कर्णबधिर विद्यार्थी नुसते हलणारे ओठ बघत राहतो. समावेशन शिकवणारा वर्गच आपल्या विद्यार्थ्याला बाहेर ठेवतो. युनिकोडमध्ये टाइप करणं आणि उपशीर्षकं देणं, याला खर्च थोडा आणि आठवण मोठी लागते.

चांगल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचा आठवडा मग असा दिसतो: तासभर पडदा, चार दिवस मुलांजवळ, पुन्हा तासभर पडद्यावर काय फसलं त्याची चर्चा. रेंज गेली तर ऐकता येईल असा धडा आधीच उतरवून ठेवलेला. आणि दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणी एक दिवस प्रत्यक्ष हातांचा: ताठरलेलं मनगट सैल कसं करायचं, श्रवणयंत्राचा साचा कानात कसा बसवायचा, पाटीवर किती जोर लावायचा.

त्या दिवशी ब्रेल तपासायला डोळस परीक्षक बसवू नये. टोचलेला कागद उलटून एखाद्या अंध विद्यार्थ्यापुढे ठेवावा. त्याचं बोट ‘क’वरून न अडखळता पुढे सरकलं, की बाई पास.