अकरा वर्षांनी ढवळ्या

‘‘चार घरं आन् एक तळं? हे तर आमच्या वस्तीपेक्षाही बारकं गाव निघालं भो!’’

नोव्हेंबर २०२१ मधली रात्र. सिल्लोडला आमच्या गच्चीवर दोन खुर्च्या, एक गोधडी आणि मधे माझा निन्टेन्डो स्विच. शेजारी शाळेपासूनचा दोस्त. दिवसभर मिरचीच्या तोड्यावर उभा राहून आलेला, त्यामुळे स्विच हातात देण्याआधी ‘हात धुतलेस ना?’ हे मी तीनदा विचारलेलं. स्क्रीनवर होतं ट्विनलीफ टाऊन. ‘पोकेमॉन ब्रिलियंट डायमंड’ इथूनच सुरू होतो.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा जपानी रोल प्लेइंग गेम. छोट्या गावातून एक पोरगं निघतं, पोकेमॉन पकडतं, वाढवतं, आठ जिम जिंकतं आणि शेवटी चॅम्पियनला भिडतं. मूळ ‘डायमंड’ जपानमध्ये सप्टेंबर २००६ मध्ये निन्टेन्डो डीएस या हातात मावणाऱ्या मशीनवर आला. १९ नोव्हेंबर २०२१ ला तोच गेम नव्याने बांधून स्विचवर आला आणि जोडीच्या आवृत्तीसह पहिल्याच आठवड्यात जगभरात ६० लाखांवर खपला. त्यातला एक सिल्लोडला!

तो पोहोचला कसा, हीसुद्धा एक स्टोरीच. तेव्हा भारतात स्विचची अधिकृत विक्री नव्हती. ग्रे मार्केट झिंदाबाद! मुंबईच्या दुकानदाराने पाठवलेलं कुरिअर तेव्हाच्या औरंगाबादपर्यंत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपर्यंत आलं आणि तिथेच बसलं. पुढचे ६५ किलोमीटर कोण आणणार? एसटीचा संप चालू होता. शेवटी ट्रॅक्टरचा पार्ट आणायला गेलेल्या या दोस्ताने ते पाकीट जॅकेटच्या खिशात घातलं आणि उखडलेल्या अजिंठा रोडवरून बाइकवर आणलं. उघडून बघितलं, तर आत नखाएवढं कार्ट्रिज. ‘‘एवढ्यासाठी माझी कंबर मोडली?’’

आता फ्लॅशबॅक. २०१० ची उन्हाळ्याची सुट्टी. कार्टून नेटवर्कवर २००३ पासून हिंदीत पोकेमॉन बघून आमची अख्खी पिढी बिघडलेली. पण डीएस? तो सिल्लोडमध्ये कुणी डोळ्यांनीही पाहिला नव्हता. बसस्टँडजवळच्या एका झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात मात्र कॉम्प्युटर होता आणि त्यात कुणीतरी पेनड्राइव्हने टाकलेला एम्युलेटर. (हो, पायरसीच. नाकारत नाही.) मूळ ‘डायमंड’ तसाही संथ. पोकेमॉनच्या शक्तीची पट्टी उतरेपर्यंत चहा पिऊन यावं. त्यात तो म्हातारा कॉम्प्युटर आणि त्यात लोडशेडिंग. आम्ही दोघं मिळून एकच गेम खेळायचो. पैसे अर्धे-अर्धे, बटणं आळीपाळीने.

सुरुवातीला तिघांतला एक पोकेमॉन निवडायचा असतो. मला आगीचा चिमचार हवा होता. दोस्ताने टर्टविग घेतला, कारण ते कासव मोठं झालं की पाठीवर झाड घेऊन चालतं. त्याने त्याला घरच्या बैलाचं नाव ठेवलं, रोमन अक्षरांत : ढवळ्या. सात बॅज झाले होते. मग एका सोमवारी व्हायरस आला म्हणून दुकानदाराने कॉम्प्युटर फॉरमॅट केला. सेव्ह गेला, ढवळ्या गेला, सुट्टीही संपली. पुढे मी पुण्याला आलो, आयटीत लागलो. तो शेतीत राहिला.

जगभरातल्या जुन्या खेळाडूंनी हा रिमेक लागताच आपापल्या आठवणीशी ताडून पाहिला. आमच्या आठवणीत मात्र गेमबरोबर झेरॉक्सच्या शाईचा वास होता. त्याचा रिमेक कुठली कंपनी काढणार?

पहिल्या रात्रीचं मत? दोघांचंही सेम : ‘‘ह्यांची मुंडकी एवढी मोठी कामून?’’ चालताना सगळी पात्रं गोळीएवढी आणि डोकं भोपळ्याएवढं. लढाई सुरू झाली की मात्र तीच माणसं एकदम धडधाकट! इंटरनेटवरही पहिली बोंब याच दिसण्यावरून झाली होती. मला तासाभरात सवय झाली. दोस्ताला नाही. तो शेवटपर्यंत हिरोला ‘आपला भोपळा’च म्हणत होता.

दुसरी रात्र ‘एक्स्प शेअर’च्या वादात गेली. मूळ गेममध्ये सहसा जो लढायचा, त्यालाच अनुभवाचे गुण मिळायचे. रिमेकमध्ये एक जण लढतो आणि सहाच्या सहा जणांची लेव्हल वाढते. हे बंदही करता येत नाही. जुने खेळाडू यावर जाम भडकले होते आणि मीही त्यांच्यातलाच. ‘‘अरे, बेंचवर बसलेल्यांना पण अप्रेझल?’’ असं मी ओरडलो. दोस्त शांतपणे म्हणाला, ‘‘मग काय झालं? घरात एक कमावतो, सगळे जेवतात.’’ मी गप्प.

पण तो खरा खूश झाला बिडूफवर. पूर्वी वाटेतलं झाड कापायचं तर आपल्याच एखाद्या पोकेमॉनला ते काम शिकवावं लागे. बिचारा हमाल म्हणून टीममध्ये फिरायचा. नव्या गेममध्ये मनगटावरच्या घड्याळातून हाक मारायची, रानातला एक बिडूफ धावत येतो, झाड कापतो आणि निघून जातो. ‘‘इथं तोड्याला मजूर मिळेना आन् ह्यांना बिडूफ फुकट येतो!’’ माझ्या मते रिमेकमधली सगळ्यात शहाणी सुधारणा हीच.

बाकी मात्र बनवणाऱ्यांनी मूळ गेमला इतकं जपलंय, की चुकासुद्धा जपल्यात. फ्लिंट नावाचा आगीचा उस्ताद घ्या. त्याच्या पाचांत आगीचे पोकेमॉन दोनच! ‘प्लॅटिनम’ या मूळ गेमच्याच पुढच्या आवृत्तीत ही चूक सुधारली होती. रिमेकने ती परत आणली. याला निष्ठा म्हणायचं की आळस? मी आळसच म्हणेन. भरीला नवे घोळ : पहिल्या काही आठवड्यांत लोकांना मेनूतली अशी एक खोड सापडली, की पोकेमॉनची चक्क झेरॉक्स निघायची. आम्ही ती वापरली नाही. झेरॉक्सच्या दुकानाशी आमचं जुनं वैर.

गेममध्ये शेजारचा एक मित्र असतो. कायम घाईत, कायम पळत आणि ‘उशीर केलास तर दंड!’ हे त्याचं पालुपद. २०१० मध्ये आम्ही हा डायलॉग शाळेत एकमेकांना मारायचो. आता तो स्क्रीनवर आला तेव्हा दोस्त हसत म्हणाला, ‘‘तुझा किती झाला असंल रे दंड?’’

मी हसलो नाही. २०१९ मध्ये त्याचे वडील गेले तेव्हा आमचा रिलीज चालू होता. मी महिन्याने गेलो होतो, तेही दुसऱ्याच कामासाठी सिल्लोडला आलो म्हणून. त्यावर तो कधी बोलला नव्हता. आत्ताही पुढे काही बोलला नाही, ढवळ्याला औषध पाजलं आणि पुढच्या जिमकडे निघाला. (खरा ढवळ्या केव्हाच गेलाय. गोठ्यात आता ट्रॅक्टर उभा असतो.)

तीन आठवड्यांत आम्ही चॅम्पियन सिंथियापर्यंत पोचलो. ‘गेम सोपा केलाय’ म्हणणाऱ्यांनी इथे हात वर करावेत! तिचा मिलोटिक स्वतःलाच भाजून घेऊन कणखर होतो. गारचॉम्पला बर्फाने मारावं तर त्याच्या हातात यॅचे बेरी, वार अर्ध्यावर. मग तो स्वॉर्ड्स डान्स करून आपल्याला एकेक करत झोपवतो. सहा रात्री सलग हरलो.

आणि मेल आला. ‘हायब्रिड मॉडेल’, सोमवारपासून ऑफिस. डिसेंबरचा मध्य होता. निघताना मी स्विच बॅगेत टाकला, मग बाहेर काढून त्याच्या हातात दिला.

‘‘पुढच्या महिन्यात येऊन नेतो.’’

‘‘बरं,’’ तो म्हणाला. त्या ‘बरं’चा अर्थ मला कळत होता.

दहाएक दिवसांनी, रात्री साडेअकराला कॉलवर होतो. व्हॉट्सअ‍ॅप वाजलं. हॉल ऑफ फेमचा फोटो, तिरका, कोपऱ्यात मिरचीचं पोतं. सहा पोकेमॉन, मधे पाठीवर झाड घेतलेला ढवळ्या. या रिमेकमध्ये पोकेमॉनचा जीव आपल्यावर जडला की तो कधीकधी मरता मरता टिकून राहतो. आपण दुःखी होऊ नये म्हणून, असं गेमच सांगतो. बऱ्याच खेळाडूंना ही उगाच दिलेली सवलत वाटली. मलाही वाटली होती.

खाली दोन ओळी होत्या : ‘‘गारचॉम्पसमोर एका एचपीवर उभा राहिला. तू नव्हता. दंड.’’

मी कॉल म्यूट केला. ‘‘किती?’’

‘‘ये, मग सांगतो.’’

एसटीचा संप अजून मिटला नव्हता. मी शनिवारची ट्रॅव्हल्स बघायला घेतली.