कुष्ठरोगातील उघडी पापणी आणि आनन तंत्रिकेची विद्युत् तपासणी

बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोरा येथे महारोगी सेवा समिती स्थापन केल्यापासून चंद्रपूर जिल्ह्याचे नाव कुष्ठरोग सेवाकार्याशी जोडले गेले आहे. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर या रोगाचे प्रमाण दर दहा हजारी एकाच्या खाली आले. तथापि चंद्रपूर व गडचिरोलीत नवे रुग्ण आढळत राहिले. हातापायांच्या विकृतीची चर्चा पुष्कळ होते. त्या तुलनेत पापणी न मिटणे ही विकृती काहीशी उपेक्षित राहिली आहे.

पापणी मिटविणारा स्नायू सातव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या, म्हणजेच आनन तंत्रिकेच्या, आधिपत्याखाली असतो. डोळ्याची संवेदना मात्र पाचवी तंत्रिका वाहून नेते. भुवईजवळ सौम्य विद्युत् उद्दीपन दिल्यास त्याच बाजूच्या पापणीच्या स्नायूत सुमारे १० मिलिसेकंदांनी पहिला, तर दोन्ही बाजूंस सुमारे ३० मिलिसेकंदांनी दुसरा प्रतिसाद उमटतो. एका बाजूच्या उद्दीपनाने दोन्हीकडील प्रतिसाद लांबल्यास दोष त्या बाजूच्या पाचव्या तंत्रिकेत असतो. उद्दीपन कोणत्याही बाजूस दिले तरी एकाच डोळ्याचा प्रतिसाद लांबत असेल, तर दोष त्या बाजूच्या सातव्या तंत्रिकेत समजावा.

दुसऱ्या पद्धतीत कानाजवळ उद्दीपन देऊन नाकालगतच्या गालाच्या घडीवर प्रतिसाद नोंदवितात व निरोगी बाजूशी त्याची तुलना करतात. बेल्सच्या पक्षाघातात पहिल्या दोन आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक घट आढळणे हे गंभीर लक्षण होय. (पहिल्या तीन दिवसांतील नोंद फसवी असते, कारण तुटलेला तंतूही तोवर संदेश वाहतो.) हा निकष कुष्ठरोगास जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे. बेल्सच्या पक्षाघातात इजा कवटीच्या हाडातील नळीत होते. कुष्ठजंतू थंड भाग पसंत करतात. त्यामुळे गालाच्या हाडावरून त्वचेलगत जाणारी, पापणीकडील शाखाच प्रामुख्याने बाधित होते. अशा रुग्णात गालाच्या घडीवरील नोंद जवळजवळ प्राकृत येऊ शकते. शिवाय दोन्ही बाजू बाधित असल्यास तुलनेस निरोगी बाजूच उरत नाही. म्हणून येथे पापणीच्या स्नायूवरच नोंद घेणे आवश्यक ठरते.

भामरागड वा एटापल्लीच्या रुग्णास असे यंत्र सहज लाभत नाही. तेथे झोपेत मिटतो तसे डोळे हलकेच मिटावयास सांगून फट राहते का हे पाहावे, नंतर घट्ट मिटावयास सांगून स्नायूचे बळ अजमावावे. दुर्बलता सहा महिन्यांच्या आतील असल्यास प्रेडनिसोलोनने ती सुधारण्याची शक्यता असते. चेहऱ्यावरील चट्टा लाल होऊन सुजला असेल, तर ही तपासणी वारंवार करावी लागते. पारपटलाची संवेदनाही गेली असल्यास विद्युत् अहवालासाठी न थांबता रुग्णास नेत्रतज्ज्ञाकडे पाठविणे इष्ट. डोळ्यात व्रण झाला तरी त्यास वेदना जाणवत नाही.